कच्च्या गणपतींची खोली

टाळी वाजवल्याशिवाय ते कुणाच्या घरात बसत नसत. चपला काढल्या, उंबरठा ओलांडला की खोलीच्या मधोमध उभं राहायचं, मान जराशी तिरकी करायची आणि एकच टाळी द्यायची. मग डोळे मिटून थांबायचं. घरची बाई पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन तशीच उभी. टाळी कुठल्या भिंतीला लागली, कुठून परत आली, कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसली, हे सगळं त्यांना ऐकू यायचं म्हणे. डोळे उघडून ते निकाल सांगत, "खोली बरी हाय. त्या कपाटाच्या बाजूला तेवढी ओरडते. तिथं गाद्या रचा." मग पाणी पीत आणि ज्या कामाला आले ते काम काढत.

पेणमध्ये या गोष्टीचं कुणाला फारसं नवल नव्हतं. ज्या गावात निम्मी माणसं वर्षभर गणपती घडवतात आणि सोंडेचा बाक मनासारखा आला नाही म्हणून समोरचं ताट बाजूला सारतात, तिथे टाळ्या वाजवणारा एक माणूस सहज खपून जातो. पोरं मागून त्यांना टाळीकाका म्हणायची. मी नुसतं काका म्हणायचे. मी रोह्याची, नुकती डी.एड. झालेली, आणि मला गायचं होतं.

एकदा त्यांच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ गेले. काका भेटायला गेले आणि सवयीने दारातून आत येताच टाळी वाजवली. बायकांचं रडणं एकदम थांबलं. सगळं घर यांच्याकडे बघायला लागलं. काका ओशाळले, पण डोळे मिटून ऐकायचं तेवढं त्यांनी ऐकून घेतलंच. मग भिंतीशी बसलेल्या त्या गृहस्थांच्या बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाले, "वहिनी, फार छान खोली हाय तुमची. हळू बोललेलं पण स्पष्ट ऐकू येत असेल."

वहिनींनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला. "व्हय भावजी," त्या म्हणाल्या, "जन्मभर यांचं पुटपुटणंच तर ऐकत आले."

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं हसलं, आणि बघता बघता रडणारं घर हसायला लागलं. वहिनीही हसल्या. काकूंच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि दिवसभर काकांशी अबोला धरला.

काकांचा मूळ धंदा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. हळद, लग्न, सत्यनारायण, गावातलं नाटक, जिथे बोलावतील तिथे पत्र्याचे कर्णे सायकलला बांधून जायचे. कर्णा झाडावर बांधला की अर्ध्या गावाला ऐकू जायचं आणि लोक खूश असायचे. एका हळदीला मात्र नवरीच्या आत्याला सगळ्यांनी आग्रह करून माइकपुढे बसवलं. बाई लाजत लाजत गायला लागली. मांडवात जवळ बसलेल्यांना गळा कळत होता, पण झाडावरच्या कर्ण्यातून जे बाहेर पडलं त्याला पोरं खदाखदा हसली. बाईने माइक खाली ठेवला आणि उठून गेली. काका ही हकिकत सांगत तेव्हा दरवेळी त्यांचा आवाज खाली यायचा. "सोन्यासारखा गळा हो. माझ्या कर्ण्याने त्याचा पत्रा केला. ती बाय परत कधी गायली नसेल." त्यानंतर त्यांनी कर्णे विकून टाकले आणि स्वतः स्पीकर बनवायच्या नादाला लागले.

नाद म्हणजे नादच. एका जुन्या सागवानी दाराच्या फळ्या कापून त्यांनी दोन पेट्या केल्या. आतून धनगराकडून आणलेल्या घोंगडीचे तुकडे चिकटवले. त्या पेट्या म्हणजे त्यांच्या दोन लेकी होत्या, असं काकू म्हणायच्या. बाजारातल्या स्पीकरवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळे गोडबोले, म्हणायचे. वाईट गाणंही चांगलं करून ऐकवतात. "स्पीकरने गाणं सजवायचं नसतं. हाय तसं दाखवायचं. आरशानेच पावडर लावली तर माणसाने तोंड धुवायचं कधी?"

स्पीकर खरं बोलतो की नाही हे ठरवायची त्यांची पद्धत अस्सल पेणची होती. काकू पापड करायच्या. काकांनी भाजलेला पोह्याचा पापड मोडल्याचा आवाज टेपवर घेतला होता. काकूंना भिंतीकडे तोंड करून बसवायचं, एकदा खरा पापड मोडायचा आणि एकदा टेपवरचा ऐकवायचा. खरा कुठला ते काकूंनी सांगायचं.

"हा दुसरा खोटा."

"कशावरून?"

"सर्दावलेला वाटतो. माझा पापड असा नाय मोडत."

असं म्हटलं की काका पेटी उघडून बसले. घोंगडीचा एक तुकडा काढ, दुसरा लाव. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे घे, परत मागे सार. "अर्धा आवाज पेटीचा, अर्धा खोलीचा," ते म्हणायचे. "स्पीकर कितीबी खरा असू दे, खोली लबाड असली की सगळं लबाड." म्हणून त्यांनी खोलीलाही सोडलं नव्हतं. कारखान्याच्या माडीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खाली त्यांच्या मोठ्या भावाचा गणपतीचा कारखाना, वर यांचा स्टुडिओ. लहान खोलीत गाणाऱ्याने उभं राहायचं. तिच्या भिंतींना गोधड्या आणि भाताचं तूस भरलेली गोणपाटं लावलेली. मोठ्या खोलीत टेपचं मशीन, त्या दोन पेट्या आणि काकांची खुर्ची. मधल्या भिंतीला काच. मोठ्या खोलीच्या भिंती उघड्या सिमेंटच्या होत्या आणि तिथेच त्यांचं गाडं अडत होतं. एका पावसाळ्यानंतर त्यांनी छताला पेंढा भरलेली गोणपाटं ठोकली. पुढे हिवाळ्यात एका दुपारी काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या, दोन्ही पापड ऐकले आणि म्हणाल्या, "दोन्ही खरे."

काकांनी त्या दिवशी गल्लीत घरोघरी पापड वाटले. छताने काम केलं, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट झाली होती, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मोठ्या भावाला त्या वर्षी मोठी ऑर्डर होती. खाली पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी काकांच्या मोठ्या खोलीत तीन भिंतींना फळ्या मारल्या आणि कच्च्या मूर्ती आणून लावल्या. कच्च्या म्हणजे साच्यातून काढलेल्या, रंग न दिलेल्या, पांढऱ्याशुभ्र. काकांनी आकांडतांडव केलं.

"दादा, माझ्या मशीनला ही धूळ चालत नाय!"

"घर बापाचं हाय," भाऊ शांतपणे म्हणाले. "गणपतीला जागा नाय म्हणतोस?"

यावर पेणमध्ये उत्तर नसतं. काकांनी मशीनवर काकूंचं जुनं लुगडं पांघरलं आणि हे पाहुणे कधी जातात याची वाट बघत बसले.

मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले ती चैत्रात. काका रोह्याला नातेवाइकांच्या लग्नाला आले होते, तिथे त्यांनी मला गाताना ऐकलं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला गौरी-गणपतीच्या गाण्यांची कॅसेट हवी होती. एका बाजूला गणपतीची गाणी, दुसऱ्या बाजूला गौरीची. "पेणला ये," काका म्हणाले, आणि माझी आई आणि मी नागोठण्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो.

ते दुपारी रेकॉर्डिंग करायचे, खालच्या कारखान्यातली माणसं जेवून आडवी झाली की. पॉलिश पेपरची खरखर थांबायची, गल्ली गप्प व्हायची. लहान खोलीत गोधड्यांच्या मध्ये उभी राहून मी गायले. तिथे आपलाच आवाज ओठांपाशी विरतो, जरा घाबरल्यासारखं होतं. मग काकांनी मला मोठ्या खोलीत बोलावलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि टेप लावली.

मी अजून ती दुपार विसरलेले नाही. खिडकीतून चिंचेच्या पानांतून गाळून आलेला उजेड. तीन भिंतींवर छतापर्यंत पांढऱ्या मूर्ती, कुणालाच डोळे नाहीत. आणि माझा आवाज. तो त्या पेट्यांतून येतच नव्हता. दोन पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं, तिथे हवेत तो उभा होता. माझ्याएवढ्या उंचीवर. हात पुढे केला तर लागेल असं मला वाटलं आणि मी खरोखरच हात पुढे केला. आई हसली नाही. तिने पदर डोक्यावरून घेतला, देवळात घ्यावा तसा.

"ही तू," काका म्हणाले. "मी काय घातलं नाय, काय काढलं नाय."

गाणं झाल्यावर परतीच्या गाडीला वेळ होता. काका आम्हाला खाडीकडे मिठागरांवर घेऊन गेले. चौकोनी वाफ्यांत पाणी थांबलेलं, त्यात आभाळ. काकांनी बांधावर उभं राहून टाळी वाजवली. ती परत आलीच नाही. "गेली," ते आनंदाने म्हणाले. "इथं भिंत नाय, त्यामुळे कुणी चुगली करत नाय." लांब, वाफ्यांच्या पलीकडे एक मिठागरवाली बाई कुणाला तरी हाक मारत होती. हाक लहानशी होऊन आमच्यापर्यंत आली, पण पुरती आली, त्यातला राग आणि त्यातली मायाही शाबूत. "खोलीत बसून हे ऐकू आलं पायजे," काका म्हणाले. "एवढंच माझ्या डोक्यात हाय." शेवटी आईनेच गाडीची आठवण केली.

पहिली बाजू वैशाखात पुरी झाली. व्यापाऱ्याला ती इतकी आवडली की दुसरी बाजू लवकर पाठवा असा त्याचा निरोप आला. तेवढ्यात जून लागला आणि मला रोह्यातल्याच एका प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. पहिलीचा वर्ग. दिवसभर ओरडून ओरडून घसा बसायचा. दुसऱ्या बाजूची तारीख रविवारची ठरली आणि मी एकटीच पेणला गेले.

माडीवर गेले तर मोठी खोली मोकळी. मूर्ती गेल्या होत्या. आषाढाच्या आधी कच्चा माल ट्रकने बाहेर जातो, हे पेणमध्ये पोरंसोरंही जाणतात. फळ्या काढून ठेवलेल्या, खोली झाडलेली, मशीनवरचं लुगडं धुऊन वाळत टाकलेलं. काका प्रसन्न होते. "गेले एकदाचे पाहुणे," म्हणाले. "आता बघ कसा मोकळा श्वास घेते खोली." मलाही बरं वाटलं.

आईकडून आलेलं गौरी आणायचं गाणं मी गायले. बाहेर आले, काकांनी टेप लावली, आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी परत गायला सांगितलं. मी परत गायले. परत टेप लावली. आता मलाही ऐकू येत होतं. वरच्या पट्टीत गेलं की आवाज चिरकायचा, शब्दांच्या कडा कापायच्या. चैत्रात हवेत उभा राहिलेला माझा आवाज आता नुसता अंगावर येत होता. काकांनी बटणं फिरवली, पेट्या उघडल्या, घोंगडीचे तुकडे चाचपले. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं. मी आठवडाभर शाळेत फळ्यावर लिहूनच शिकवलं, ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

"पत्रा आलाय गो बाय तुझ्या आवाजात," शेवटी ते म्हणाले. ते बोलताना त्यांना किती त्रास होत होता हे मला दिसत होतं. "शाळेने खाल्ला तुझा गळा. ही बाजू मी पाठवणार नाय. तुला वाईट वाटेल, पण माझे स्पीकर खोटं बोलत नायत."

मी ते मानलं. का मानू नये? चैत्रात त्याच पेट्यांनी मला मी दाखवली होती. तेव्हा ते खरं मानलं, आता हेही खरंच असणार.

व्यापाऱ्याने दुसऱ्या बाजूला कोलाडच्या एका भजनीबुवांची गाणी घातली आणि कॅसेट बाजारात आली. मी घरी पोहोचायच्या आधी बातमी रोह्यात पोहोचली होती. पेणच्या माणसाने सांगितलं, पोरीचा आवाज गेला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, होतं असं, आमचाही गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्षी गौरी आल्या तेव्हा गल्लीतल्या बायका बोलवायला आल्या, तर मी घसा दुखतोय सांगून आतल्या खोलीत पडून राहिले. बाहेर आई एकटीच गाणं उचलत होती आणि कुणीतरी साथ देईल म्हणून ओळीच्या शेवटी थांबत होती. मी उशीत तोंड घालून रडले. गाणं गेलं म्हणजे नेमकं काय गेलं हे मला त्या दिवशी कळलं. बसमध्ये, भांडी घासताना, पोरांना रांगेत उभं करताना मनात सारखं काहीतरी चालू असायचं, ते बंद पडलं होतं.

दिवाळीनंतर पेणमध्ये काय झालं ते मला काकूंनी सांगितलं, म्हणून त्यांच्याच शब्दांवर भरवसा ठेवून लिहिते.

पुढच्या वर्षाचं काम सुरू झालं होतं. खाली जागा पुरेना, मोठ्या भावाने पुन्हा फळ्या मारल्या, पुन्हा भांडण झालं, पुन्हा काकूंचं लुगडं मशीनवर गेलं. मूर्ती लागल्या. एका सकाळी काका माझी आषाढातली टेप पुसायला बसले. टेप महाग, तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी भजन घ्यायचं होतं. सुरुवात कुठून आहे ते बघायला त्यांनी ती जराशी लावली.

काकू खाली पोहे पाखडत होत्या. वरून हाक आली, "अगो, हे कोण गातंय?"

"रोह्याची पोर," काकू खालूनच म्हणाल्या. "दुसरं कोण?"

"नाय! तिच्या आवाजात पत्रा होता!"

"मग पत्रा कुठं गेला तो बघा," काकू म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.

मग वरून एक टाळी ऐकू आली. काकू म्हणतात, ती टाळी ऐकून त्यांच्या हातातलं सूप थांबलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी सगळ्या गावात नवऱ्याच्या टाळ्या ऐकल्या होत्या. पण मूर्ती आल्यापासून किंवा गेल्यापासून स्वतःच्या त्या खोलीत त्यांनी एकदाही टाळी वाजवली नव्हती. छत ठोकलं, पापड जमला, खोली झाली, असं त्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांच्या खोल्या त्यांना संशयाच्या वाटायच्या, आपली नाही.

मग ते मूर्ती उतरवायला लागले. एकेक करून गच्चीत नेऊन ठेवायची, एक भिंत उघडी झाली की टाळी, की माझी टेप. दुसरी भिंत, टाळी, टेप. सगळ्या मूर्ती बाहेर गेल्या तेव्हा टाळी समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आपटत फडफडत राहिली आणि माझ्या आवाजात पत्रा आला. मग त्यांनी सगळ्या मूर्ती परत आत आणल्या. सोंडा, पोटं, कान, मुकुट, कुठलीच दोन टोकं सारखी नाहीत. आवाज त्यांच्यावर पडून विखरून जात होता, आणि पत्रा गेला. मोठे भाऊ जिन्यात उभे राहून बघत होते. "अरे, काय चाललंय तुझं?" काकांनी पुढची मूर्ती उचलली. संध्याकाळी ते खाली आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते. काकूंना म्हणाले, "खोली दादाच्या गणपतींनी सुधारली होती. मी नाय." आणि जेवले नाहीत.

पुढे एक गंमत झाली, तीही सांगून टाकते. पुढच्या वर्षी आषाढाच्या आधी ट्रक आला तेव्हा काका माडीच्या दारात आडवे उभे राहिले. मूर्ती नेऊ देईनात. सगळी गल्ली जमली. भाऊ म्हणाले, अरे, लोकांनी पैसे दिलेत, त्यांच्या घरी गणपती नको का बसायला? शेवटी तोड निघाली. साच्यातून काढताना हात मोडलेल्या, सोंड तुटलेल्या, कान गेलेल्या जेवढ्या मूर्ती असतील तेवढ्या कायमच्या काकांच्या. भंगलेल्या मूर्ती घरात ठेवू नयेत म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बायका ओरडायला आल्या. तिथे मात्र मोठे भाऊच आडवे आले. "डोळे आखलेत का? डोळे आखल्याशिवाय देव नाय. अजून प्लास्टरच हाय ते." कॅसेटचे दिवस संपले, काका गेले, तरी कितीतरी वर्षं ती मोडकी पांढरी मंडळी त्या खोलीत ऐकत बसलेली होती.

पण ते नंतरचं. मूर्ती चढवल्या-उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात बेरजा शिकवत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर काका. अंगातला सदरा धुतलेला, पण भुवयांमध्ये अजून प्लास्टर. ते आत आले, वर्गाच्या मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली. पहिलीच्या पोरांना वाटलं, टाळ्या वाजवायच्या आहेत. सगळ्या वर्गाने कडाकडा टाळ्या वाजवल्या.

"तुमच्या बाईंचा आवाज चांगला हाय," काका पोरांना म्हणाले. "मी वाईट म्हणालो होतो. माझी चूक झाली. खोली रिकामी होती." पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मला हसू आलं नाही. मला राग आला, इतका की खडू हातात मोडला. "आता कशाला सांगताय?" मी म्हटलं. "कॅसेट गेली. गौरी गेल्या. आता आलात?" ते मान खाली घालून उभे राहिले. मग हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन त्यांनी तेच सांगितलं. बाजारात कॅसेटच्या दुकानात जाऊन सांगितलं, देवळात बसलेल्या भजनी मंडळाला सांगितलं, आणि शेवटी आमच्या घरी जाऊन आईला सांगितलं. प्रत्येक ठिकाणी आधी टाळी, मग चूक. दुपारच्या गाडीने परत गेले.

रविवारी पेणला ये, असा निरोप ते आईजवळ ठेवून गेले होते. मी जाणार नाही म्हणाले. आई भाकरी थापत होती. "जा गो," ती म्हणाली. "लोक शेजारच्या घरातून येत नायत आपली चूक सांगायला. हा माणूस एस.टी.ने आला."

त्या रविवारी मी गेले. मूर्ती पुन्हा छतापर्यंत होत्या, खिडकीतला उजेड तसाच. काकांनी मला खुर्चीत बसवलं आणि आषाढातली टेप लावली. मी डोळे मिटले. दोन पेट्यांच्या मधोमध मी उभी होते. गौरीचं गाणं, आईने ओळीच्या शेवटी जिथे थांबायला शिकवलं तिथे थांबत, कुठेही न चिरकता. ज्या दिवशी माझा आवाज गेला असं मी धरून चालले होते, त्या दिवशीचा हा आवाज. मला रडू फुटलं. टेप संपली, रीळ फिरत राहिलं आणि टेपचं सुटं टोक टपटप वाजत राहिलं.

"बाय," काका म्हणाले, "त्या दिवशी आत गाताना तुला कसं वाटलं होतं?"

मी आठवून बघितलं. आठवायची गरज नव्हती. "चांगलं वाटलं होतं. इतकं चांगलं मी आधी कधी गायले नव्हते, असं वाटलं होतं."

"मग बाहेर येऊन मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही, काका."

त्यांनी मशीन बंद केलं. त्या दोन पेट्यांकडे एकदा बघितलं. खाली कारखान्यात कुणीतरी झोपेतून उठून पॉलिश पेपर घासायला लागलं होतं. काकांनी जिन्यातून खाली डोकावून त्याला थांबायला सांगितलं. परत आले आणि नवी टेप चढवली.

"जा आत," म्हणाले. "गा. बाहेर आलीस की आधी तू सांगायचं. मग मी स्पीकर लावणार."

मी गोधड्यांच्या खोलीत गेले. सुरुवातीला गळा थरथरला. इतके महिने न गायलेला तो, लगेच कसा ऐकेल? मग हळूहळू ऐकायला लागला. काचेतून काका दिसत होते. त्यांनी पेट्यांकडे पाठ केली होती.

मी बाहेर आले. त्यांनी नुसती मान वर केली.

"तिसऱ्या कडव्यात श्वास पुरला नाही," मी म्हटलं. "एक सूर खाली लागला. बाकी चांगलं झालं."

"बरं," ते म्हणाले, आणि मग त्यांनी स्पीकर लावले.